मंदीत ठेकेदाराला काम कोण मिळवून देते : जाहिरात की जुना ग्राहक?

ओळंबा

पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात मी वॉटरप्रूफिंग, बाहेरील रंगकाम आणि इमारत-दुरुस्तीची कामे घेतो. आजवरची बहुतेक कामे जुन्या ग्राहकांनी नाव सुचवल्यामुळे मिळाली. जाहिरात म्हणावी असे आमच्याकडे दोनच प्रकार आहेत : टेम्पोवर रंगवलेला फोन क्रमांक आणि काम चालू असेपर्यंत परांचीला बांधलेला फलक. गेल्या काही महिन्यांत मात्र चौकशा बऱ्याच कमी झाल्या आहेत. सोसायट्या मोठी दुरुस्ती पुढच्या आर्थिक वर्षावर ढकलत आहेत. बंगल्यांचे मालक गच्चीचा जुना कोबा फोडून नवा करण्याऐवजी तडे बुजवून वरून लेप मारून घेतात, आणि जे काम निघते त्यासाठी दरपत्रक देणाऱ्यांची रांग लागलेली असते.

अशा वेळी ठेकेदारांची नावे ग्राहकांना पुरवणाऱ्या एका यादी-संकेतस्थळाचे प्रतिनिधी वार्षिक वर्गणीसाठी मागे लागले आहेत. मुलाचे म्हणणे आहे की गूगलवर जाहिरात द्यावी. भागीदार म्हणतात की तेवढ्या पैशात दोन कुशल कारागीर पावसाळाभर सांभाळता येतील. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यानंतरचा गोंधळ आणि २०२० ची टाळेबंदी या तिन्ही वेळी आम्ही जाहिरातीवाचून तरलो. परंतु तेव्हा काम एकदम थांबले आणि काही काळाने पुन्हा सुरू झाले, तर आता ते हळूहळू आटत चालले आहे. ज्यांनी अशा काळात पैसे खर्च करून पाहिले आहेत, किंवा जाणीवपूर्वक खर्च टाळला आहे, त्यांनी सविस्तर लिहावे. "चांगले काम करा, लोक आपोआप येतील" हा सल्ला मला पाठ आहे, त्यामुळे तो कृपया नको.

पाणसळ

मी निवृत्त स्थापत्य अभियंता असून दुरुस्तीच्या कामांवर बरीच वर्षे देखरेख केली आहे. आपल्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे, ते आधी तपासू या. शिफारशी कमी झाल्या म्हणजे आपले नाव कमी झाले असे बहुतेक ठेकेदारांना वाटते आणि ते घाबरून जाहिरातीकडे वळतात. प्रत्यक्षात शिफारस ही कुणीतरी विचारल्याशिवाय होत नाही. शेजारी गच्चीचे काम काढणार असेल तरच तो आपल्या जुन्या ग्राहकाला "तुमचे कुणी केले होते?" असे विचारणार. मंदीत विचारणारेच घटतात, त्यामुळे आपले शंभर समाधानी ग्राहक असले तरी त्यांना तोंड उघडण्याचा प्रसंग येत नाही.

दुसरी गोष्ट अशी की शिफारशीचा मोठा हिस्सा जुन्या कामांतून येत नाही, तो चालू कामांतून येतो. एका इमारतीला परांची लागली की समोरच्या दोन इमारतींतील लोक खाली येऊन मुकादमाशी बोलतात, दर विचारतात, पुट्टीचा दर्जा बोटाने घासून पाहतात. एकाच वेळी पाच ठिकाणी काम चालू असलेल्या ठेकेदाराला अशा पाच खिडक्या उघड्या असतात, आणि दोनच ठिकाणी चालू असले तर दोनच. म्हणजे मंदीत शिफारस दोन्ही बाजूंनी आकसते, आणि तेजीत ती दोन्ही बाजूंनी फुगते. तेजीत काम मिळत होते ते केवळ आपल्या गुणवत्तेमुळे, असे मानण्यात थोडी आत्मप्रौढी आहे, हे स्पष्टच सांगतो.

म्हणून माझ्या मते खर्च करायचाच असेल तर तो नवीन अनोळखी माणसाला हाक मारण्यावर करण्याआधी जुन्या ग्राहकाला बोलता करण्यावर करावा. दोन-तीन पावसाळे झालेल्या गच्च्या मे महिन्यात स्वतः जाऊन पाहाव्यात. पन्हाळीची तोंडे, पॅरापेटच्या कडेची गोलाई आणि पाण्याच्या टाकीखालचा भाग तपासून, एखादा तडा असल्यास पैसे न घेता बुजवून द्यावा. त्या भेटीचा खर्च एका मजुराची दिवसाची मजुरी आणि थोडे साहित्य इतकाच असतो. त्या दिवशी तो ग्राहक ही गोष्ट चार जणांना आपणहून सांगतो, कारण वॉरंटीचा कागद देणारे पुष्कळ असतात आणि बोलावल्याशिवाय परत येणारा ठेकेदार लोकांनी फारसा पाहिलेला नसतो.

मानद_सचिव

मी ठेकेदार नाही, परंतु आमच्या सोसायटीच्या व्यवस्थापक समितीत असल्यामुळे काम देणाऱ्या बाजूने लिहितो. सोसायटीचे काम एका माणसाच्या मर्जीने दिले जात नाही. समितीला स्वतःच्या अधिकारात ठरावीक मर्यादेपर्यंतच खर्च करता येतो. त्यापुढील दुरुस्तीसाठी दरपत्रके मागवून सर्वसाधारण सभेची मान्यता घ्यावी लागते. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, त्यामुळे जूनमध्ये छत गळू लागले तरी मोठ्या कामाचा निर्णय सप्टेंबरमध्ये होतो आणि काम दिवाळीनंतर सुरू होते. ठेकेदार मंडळी जूनमध्ये पत्रके वाटतात आणि ऑगस्टपर्यंत थकून गप्प बसतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. आम्हाला दरपत्रके हवी असतात ती नेमकी सभेची सूचना निघण्याच्या आधीच्या आठवड्यांत.

आता शिफारस आणि जाहिरात यांचे स्थान काय? आमच्याकडे नावांची पहिली यादी ओळखीतूनच तयार होते. कुणाच्या तरी साडूच्या सोसायटीत काम झालेले असते, किंवा प्रकल्प सल्लागाराच्या माहितीतले कुणी असते. परंतु यादीत नाव आल्यानंतर प्रत्येक सभासद मोबाईल उघडून ते नाव शोधतो. तिथे काहीच सापडले नाही तर सभेत पहिली शंका निघते की "हे कोण? यांचे कार्यालय तरी आहे का?" ओळखीने आलेला ठेकेदार अशा वेळी हातचे काम गमावतो, आणि त्याला शिफारस करणारा सभासद तोंडघशी पडू नये म्हणून पुढच्या वेळी गप्प बसतो. तेव्हा संकेतस्थळ, झालेल्या कामांची छायाचित्रे आणि खरे अभिप्राय यांवर केलेला खर्च ही आमच्या दृष्टीने जाहिरात नाहीच, तो शिफारशीला दिलेला पुरावा आहे.

आणखी एक सूचना करतो. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण ५ वर्षांतून एकदा, आणि ३० वर्षांवरील इमारतीचे ३ वर्षांतून एकदा करून घ्यायचे असते. त्या अहवालात कॉलमचे तडे, उघडे पडलेले गज आणि गळती यांची नोंद आली की समितीला काम टाळणे अवघड जाते, मग मंदी असो वा नसो. दुसऱ्या टोकाला, रेरा कायद्याखालील नव्या इमारतीत ताबा दिल्यापासून ५ वर्षांपर्यंत बांधकामातील दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो, त्यामुळे तिथे आपले पत्रक वाटणे बहुधा व्यर्थ जाते. पत्रके वाटायचीच असतील तर इमारतींचे वय पाहून वाटा.

सुतारपक्षी

मी ठाण्यात घरांच्या अंतर्गत सजावटीची आणि फर्निचरची कामे घेतो. पैसे देऊन चौकशा मिळवण्याचा मार्ग मी वापरून पाहिला आहे, म्हणून त्याचे स्वरूप सांगतो. अशा संकेतस्थळावर ग्राहकाने एकदा आपली गरज नोंदवली की ती चौकशी एकाच वेळी अनेक ठेकेदारांकडे जाते. आपण पाच मिनिटांनी फोन केला तरी ग्राहकाला तोवर इतरांचे फोन आलेले असतात आणि तो आधीच वैतागलेला असतो. त्याच्यासाठी आपण सगळे सारखेच, म्हणून तो चौरस फुटाचा दर विचारतो आणि सर्वांत कमी दराकडे जातो. प्लाय कोणत्या प्रतीचे, बिजागरे कोणती, लॅमिनेटच्या कडा हाताने लावणार की यंत्राने, या प्रश्नांपर्यंत संभाषण पोहोचतच नाही.

ओळखीतून आलेला ग्राहक दराच्या आधी माणूस निवडतो, हा त्याचा मोठा फायदा. तोटाही सांगायला हवा. ओळखीचा ग्राहक शेवटचा हप्ता देताना "आपलेच आहात" असे म्हणून हात आखडता घेतो, आणि मध्ये शिफारस करणारा मित्र असल्यामुळे आपल्याला कडक शब्दांत मागताही येत नाही. मंदीत ही उधारी जीवघेणी ठरते, कारण प्लायवाला आणि हार्डवेअरवाला दोघेही त्याच काळात उधारीची मुदत कमी करतात. अनोळखी ग्राहकाशी मात्र मी लेखी करार करतो, हप्ते ठरवतो आणि पैसे न आल्यास काम थांबवतो. माझ्या बुडालेल्या रकमा पाहिल्या तर त्या जवळजवळ सगळ्या ओळखीच्या कामांतल्या आहेत.

गोदाकाठ

वरील तिन्ही प्रतिसाद जम बसलेल्या माणसांच्या दृष्टीने लिहिलेले आहेत, म्हणून थोडा वेगळा सूर लावतो. मी नाशिकमध्ये अलीकडेच स्वतःची कामे घेऊ लागलो आहे. त्याआधी एका मोठ्या ठेकेदाराकडे साइट सुपरवायझर होतो. माझ्याकडे जुने ग्राहक नाहीत, कारण ज्यांची कामे मी उभे राहून करून घेतली त्यांच्या लेखी ती माझ्या मालकाची कामे आहेत. मे महिन्यात कुणाच्या गच्चीवर जायचे?

शिफारस ही फार पवित्र गोष्ट असल्यासारखे आपण बोलतो, परंतु ती मुख्यतः ओळखीच्या वर्तुळात फिरते, आणि ती वर्तुळे गावाची, नात्याची, जातीची, एकत्र नोकरी केलेल्यांची असतात. त्या वर्तुळात जन्माने किंवा वयाने प्रवेश नसलेल्या माणसाने काय करावे? मंदीत ही वर्तुळे अधिकच घट्ट होतात, कारण थोडे काम असले की ते आपल्याच माणसाला द्यावे असे लोकांना वाटते. जाहिरात महाग असेल, तिच्यातून घासाघीस करणारे ग्राहक येत असतील, पण ती मला माझे आडनाव विचारत नाही. मी पहिली कामे तशीच मिळवली, त्यांत नफा जवळजवळ घेतला नाही, आणि आता त्या घरांच्या शेजाऱ्यांकडून फोन येऊ लागले आहेत. न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत, हे आपल्याकडे उगाच म्हटलेले नाही.

पाणसळ

गोदाकाठ, आपला मुद्दा मान्य आहे आणि तो माझ्या प्रतिसादात यायला हवा होता. मात्र आपल्याच उदाहरणात जाहिरातीने जे विकत घेतले ते काम होते की पहिला ग्राहक होता, याचा विचार करावा. जाहिरातीचा खर्च दर महिन्याला तसाच चालू ठेवावा लागत असेल तर ती वाट चुकली असे समजावे. तो खर्च हळूहळू कमी होत जायला हवा.

हिशेबी

मी छोट्या व्यावसायिकांचे हिशेब आणि कर पाहतो. चर्चेत आकडे आलेले नाहीत म्हणून एक काल्पनिक उदाहरण मांडतो. वर्गणीपोटी वर्षाला ४०,००० रुपये दिले, त्यातून १०० चौकशा आल्या, २५ ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन पाहणी केली आणि ४ कामे मिळाली असे धरू. विक्री करणारा प्रतिनिधी आपल्याला "एक चौकशी फक्त ४०० रुपयांत" असे सांगेल. खरा आकडा म्हणजे एका कामामागे १०,००० रुपये, आणि प्रत्येक पाहणीला इंधन व वेळ मिळून ५०० रुपये धरले तर त्यात आणखी ३,१२५ रुपयांची भर पडते. सरासरी काम दीड लाखाचे आणि त्यात नफा १२ टक्के असेल तर १८,००० रुपयांतून हाती ४,८७५ रुपये उरतात. त्यातही दर कमी करून काम मिळवले असेल तर तो नफा १२ टक्के राहिलेला नसतोच. हेच काम दहा लाखांचे असते तर जाहिरातीचा खर्च जाणवलाही नसता. म्हणून स्नानगृहाची गळती काढणाऱ्याने आणि संपूर्ण इमारतीची दुरुस्ती करणाऱ्याने एकमेकांचा सल्ला घेऊ नये.

शिफारशीचाही खर्च असतो, फक्त तो वहीत दिसत नाही. पाणसळ यांनी सुचवलेली मे महिन्यातील फेरी, फुकट बुजवलेले तडे, शिफारस करणाऱ्याला दिलेली दरातील सूट, आणि सुतारपक्षी यांनी सांगितलेली बुडीत रक्कम हे सर्व एका बाजूला लिहावे आणि त्यातून किती कामे आली ते दुसऱ्या बाजूला. बहुतेकांच्या बाबतीत एका कामामागचा हा खर्च जाहिरातीपेक्षा कमीच येईल असा माझा अंदाज आहे, पण शून्य नक्कीच येणार नाही.

कराच्या बाजूनेही एक बाब लक्षात ठेवावी. जे अनुमानित कराच्या योजनेत आहेत, म्हणजे उलाढालीच्या ८ टक्के, किंवा बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के उत्पन्न दाखवतात, त्यांना जाहिरातीचा खर्च वेगळा वजा करता येत नाही. तो खर्च पूर्णपणे स्वतःच्या खिशातून जातो. जीएसटीची नियमित नोंदणी असेल तर ऑनलाइन जाहिरातीवरील १८ टक्के कराची वजावट मिळते, परंतु कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठोक दराने कर भरण्याच्या योजनेत, असाल तर तीही मिळत नाही. जाहिरातीमुळे सोसायट्यांची कामे मिळवायची असतील तर पॅन, पक्के बिल आणि कराची कपात हे सगळे ओघाने येणारच, त्याची तयारी आधी करावी. बिल देण्याची सोय नसलेल्या ठेकेदाराने सोसायट्यांसाठी जाहिरात करणे म्हणजे दुकानात माल नसताना दिवे लावून बसणे आहे.

जांभा

रत्नागिरी जिल्ह्यात घरबांधणीचे काम करतो. इथली परिस्थिती शहरापेक्षा इतकी निराळी आहे की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमचा ग्राहक गावात राहतच नाही. घर बांधायचे असते गावी, आणि पैसे असतात मुंबईच्या, ठाण्याच्या किंवा विरारच्या चाकरमान्याकडे. तो गणपतीला आणि शिमग्याला येतो, वाडीतले नवे घर पाहतो, चिऱ्याचे सांधे कसे भरले आहेत ते पाहतो, आणि घरमालकाला विचारतो. निर्णय मात्र तो मुंबईला परत गेल्यावर, गावमंडळाच्या बैठकीत किंवा मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात विचारपूस करून घेतो. त्यामुळे आमचे नाव गावात चांगले असून भागत नाही, ते मुंबईतल्या मंडळात चांगले असावे लागते.

गावी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन इथे काही उपयोग होत नाही. मी पैसे खर्च करतो ते दोन गोष्टींवर. गणपतीच्या आधी चालू घरांच्या भोवतीचा राडारोडा उचलून, रंगाचा निदान पहिला हात मारून साइट पाहण्यासारखी करतो, कारण त्या दिवसांत वाडीत येणारा प्रत्येक माणूस संभाव्य ग्राहक असतो. आणि काम चालू असताना दर शनिवारी मालकाला चित्रफीत पाठवतो, ज्यात पायाची खोली टेपने मोजून दाखवलेली असते, सळ्यांची जाडी दाखवलेली असते. ती चित्रफीत मालक आपल्या भावांना, मेव्हण्यांना, मंडळातल्या लोकांना पाठवतो. मी कुणालाही ती पुढे पाठवायला सांगत नाही. याला जाहिरात म्हणायचे की तोंडी प्रसिद्धी, ते आपणच ठरवा.

सिंधुदुर्गात आणि गोव्यात बाहेरच्या राज्यांतील लोक दुसरे घर म्हणून बंगले घेतात, तिथे मात्र उलट चालते. त्या मालकाला शेजारी ओळखत नाही, मंडळ नाही, गाव नाही. तो जे काही शोधतो ते इंटरनेटवरच शोधतो. तिथे काम करणाऱ्या माझ्या परिचितांनी गूगलवरील नोंद आणि इंग्रजीतील संकेतस्थळ यांवर खर्च केला आणि तो वसूल झाला. ग्राहकाच्या आजूबाजूला विचारण्यासारखे कोण आहे, यावरून निर्णय करावा असे मला वाटते.

रंगछटा

एका गोष्टीला कुणी हात लावलेला नाही, ती म्हणजे कमिशन. तोंडी शिफारस नेहमी निःस्वार्थ असते असे धरून सगळे लिहीत आहेत. रंगाच्या दुकानदाराला "चांगला रंगारी सांगा" म्हटले की तो ज्याचे नाव सांगतो तो त्याच्याच दुकानातून माल उचलणारा असतो. इस्टेट एजंट, प्लंबर, सुरक्षारक्षक, काही ठिकाणी सल्लागारसुद्धा, नाव सुचवण्याचे पैसे घेतात. हे पैसे शेवटी पुट्टीचा एक हात कमी मारून किंवा प्रायमर पातळ करून वसूल केले जातात, हे या व्यवसायातील प्रत्येकाला माहीत आहे. मंदीत कमिशनचा दर वाढतो, कारण नाव सुचवणाऱ्याकडे पर्याय वाढलेले असतात. अशा शिफारशीपेक्षा उघडपणे पैसे देऊन केलेली जाहिरात अधिक प्रामाणिक, कारण ती जाहिरात आहे हे ग्राहकाला निदान दिसते.

मानद_सचिव

रंगछटा यांच्याशी सहमत. आम्ही आता शिफारस करणाऱ्या सभासदाचे नाव आणि ठेकेदाराशी असलेले त्याचे नाते इतिवृत्तात नोंदवतो. त्यामुळे सुचवलेल्या नावांची संख्या बरीच घटली, एवढेच सांगतो.

ओळंबा

सर्वांचे आभार. मी काय करायचे ठरवले आहे ते लिहितो, त्यात त्रुटी असल्यास सांगावे. यादी-संकेतस्थळाची वर्गणी घेणार नाही, कारण माझ्या कामांचा सरासरी आकार हिशेबी यांच्या पहिल्या उदाहरणाच्या जवळ आहे. गूगलवरील नोंद मुलाकडून नीट करून घेणार आहे, त्यात गच्चीवर पाणी साठवून केलेल्या चाचणीची छायाचित्रे तारखेसह टाकणार आहे. अभिप्राय मात्र ग्राहकांनी स्वतः लिहिले तरच ठेवणार, नातेवाइकांकडून लिहवून घेणार नाही. पत्रके छापून घेईन, परंतु ती जूनमध्ये न वाटता ऑगस्टमध्ये, आणि १५ वर्षांहून जुन्या सोसायट्यांच्या कार्यालयांत स्वतः नेऊन देईन. भागीदारांचे म्हणणे मान्य करून दोन्ही कारागिरांना ठेवत आहोत. त्यांना दुसऱ्या ठेकेदाराने उचल देऊन नेले तर दिवाळीनंतर काम आले तरी ते करायला कुणी नसेल. जुन्या गच्च्यांच्या पाहणीची फेरी त्यांच्याकडूनच करून घेईन.

एक शंका उरते. ज्या ग्राहकांकडे आमची शेवटच्या हप्त्याची रक्कम अजून अडकलेली आहे, त्यांच्या गच्चीवर फुकट पाहणीला जावे की नाही?

सुतारपक्षी

जावे, आणि पाहणीचा लेखी अहवाल देताना खाली बाकी रक्कमही लिहावी. फुकट तडा मात्र पैसे आल्यावरच बुजवावा.